पहिली तपासणी, पहिला आरोप

एचआयव्हीपासून बचाव कसा करावा याविषयी गेली साडेतीन दशके आपल्याकडे जो उपदेश चालू आहे, त्याचे सार इतकेच, की माणसाने एकनिष्ठ राहावे आणि ते न साधल्यास निरोध वापरावा. हा उपदेश खोटा नाही. परंतु ज्या स्त्रीला पतीच्या इच्छेपुढे नकार देण्याची मुभा नाही, आणि जिने निरोधाचे नाव काढताच 'माझ्यावर संशय घेतेस, की तूच कुठे जातेस?' असा सवाल आणि त्यापाठोपाठ मार पदरी येतो, तिला तो काडीचाही उपयोगी पडत नाही, हे ध्यानात घ्यावयास आपण फार विलंब लावला.

वस्तुतः त्याचा पुरावा पुण्यातच मिळाला होता. १९९३ ते १९९६ या काळात तेथील गुप्तरोग-चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली व तिचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध केले. या स्त्रियांपैकी ३९१ जणींचा देहविक्रयाशी काडीमात्र संबंध नव्हता, तरीही त्यांच्यात शेकडा १३.६ स्त्रिया एचआयव्हीबाधित निघाल्या. यांतील बहुसंख्य विवाहित स्त्रियांचा संसर्गाचा मार्ग त्यांचा स्वतःचा पती हाच होता. ज्या पातिव्रत्याचा आपण एवढा गौरव करतो, त्याने त्यांचे रक्षण केले नाही.

पुढे २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रक्ततपासणीचा समावेश झाला, आणि २८,१३९ विवाहित स्त्रियांच्या माहितीचा अभ्यास करून २००८ साली संशोधकांनी असे दाखवून दिले, की ज्यांना पतीकडून शारीरिक व लैंगिक असा दोन्ही प्रकारचा अत्याचार सोसावा लागला, त्यांच्यात बाधेचे प्रमाण शेकडा ०.७३ होते, तर ज्यांना कोणताच अत्याचार सोसावा लागला नव्हता, त्यांच्यात ते ०.१९ होते. नुसत्या मारहाणीशी हा संबंध आढळला नाही. मारहाणीला शय्येवरची बळजबरी जोडली गेली, की तो स्पष्ट होतो. याची कारणे दुहेरी आहेत. बळजबरीच्या संभोगात योनिमार्गाच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते, अंगात आधीच एखादा गुप्तरोग असल्यास ती अधिकच सुकर होते. आणि दुसरे असे, की जो पुरुष घरात हात उगारतो, त्याचे बाहेर संबंध असण्याचा व तो स्वतः बाधित असण्याचाही संभव इतरांहून अधिक असतो.

परंतु हिंसेचे हे केवळ पूर्वार्धातले रूप झाले. गरोदरपणी इस्पितळात नाव नोंदवताना स्त्रीची एचआयव्ही तपासणी केली जाते, आणि ती व्हावयासच हवी, कारण वेळीच औषधे सुरू झाली तर बाळाला होणारा संसर्ग बहुतांशी टळतो. तथापि याचा एक विपरीत परिणाम असा होतो, की घरातली पहिली तपासणी सुनेची होते, म्हणून पहिला आरोपही तिच्यावरच येतो. ज्याच्याकडून रोग आला तो नवरा तपासणीला जातच नाही, आणि केवळ त्यामुळेच निर्दोष ठरतो. तो पुढे दगावला, तर 'हिनेच माझ्या पोराला खाल्लं' म्हणून तिची रवानगी माहेरी होते आणि शेतजमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव लावण्यास दीर हरकत घेतात. या धास्तीपायी कित्येक स्त्रिया औषधाच्या गोळ्या धान्याच्या डब्यात लपवतात, सासू घरी असली की त्या दिवशीची गोळी चुकवतात. आणि ज्या औषधाने रक्तातील विषाणू दबून राहून निकोप आयुष्य जगता येते, ते अशा खंडांमुळे निकामी होऊ लागते.

कायद्याने या भीतीची दखल घेतली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या अधिनियमानुसार, स्त्रीच्या बाधेची वार्ता तिच्या जोडीदाराला सांगितल्याने मारहाण होईल किंवा तिला टाकून दिले जाईल अशी वाजवी भीती असेल, तर वैद्यकाने ती सांगू नये. आणि राहत्या घरातून तिला हुसकून लावता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातही लैंगिक छळ ही हिंसाच मानलेली आहे. मात्र अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली बळजबरी फौजदारी कायदा आजही बलात्कार मानीत नाही, आणि माझ्या मते प्रतिबंधाच्या मार्गातील ही सर्वांत मोठी धोंड आहे.

बलात्कार झालेल्या स्त्रीने फिर्याद दाखल होण्याची वाट न पाहता तत्काळ इस्पितळ गाठावे, कारण बाहत्तर तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी उत्तम, औषधे सुरू करून ती अठ्ठावीस दिवस घेतली तर संसर्ग बहुधा टळतो; आणि असे उपचार विनामूल्य देणे सरकारी व खाजगी अशा सर्वच रुग्णालयांवर बंधनकारक आहे.

औषधाच्या अलीकडे, मूळ हिंसाच कमी करता येते का? दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात गरीब स्त्रियांना लहान कर्जे देऊन त्यांच्याच बैठकांत स्त्रीपुरुष-संबंध आणि एचआयव्ही यांचे शिक्षण देण्यात आले, तेव्हा जोडीदाराकडून होणारी हिंसा निम्म्याहून अधिक घटल्याचे २००६ साली नोंदले गेले. नव्या बाधांचे प्रमाण त्या मुदतीत घटले नाही हेही तितकेच खरे. तरी गावोगाव बचत गट उभारलेल्या महाराष्ट्राला हा प्रयोग परका वाटण्याचे कारण नाही. गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब मांडला जातो, तिथेच हाही विषय निघावा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती, की सुनेला तपासणीला न्याल त्या दिवशी मुलालाही सोबत न्या आणि दोघांचे रक्त एकाच वेळी तपासून घ्या. शंका असल्यास एड्सविषयीच्या १०९७ या, आणि घरात मारहाण होत असल्यास स्त्रियांसाठीच्या १८१ या क्रमांकावर विनाशुल्क विचारता येते.