इलेक्ट्रिक गाडी घेताना आधी पार्किंगची भिंत बघा

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. "तू इलेक्ट्रिक गाडी रोज ऑफिसला नेतोस ना, मग रेंज किती देते?" आज त्याचं उत्तर देतो. पण खरं सांगू का, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न वेगळाच आहे, आणि गाडी बुक करताना तो मी स्वतःलाच विचारला नव्हता. त्यापायी दीड महिना मनस्ताप झाला.

आधी रेंज उरकून टाकू. मी कोथरूडहून हिंजवडीला जातो, जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर. माझी बॅटरी २४ किलोवॅट-अवरची, म्हणजे पूर्ण भरली की आत २४ युनिट वीज. कंपनीच्या कागदावर रेंज तीनशेच्या वर आहे, मला एसी लावून दोनशेच्या आसपास मिळते. म्हणजे रोजच्या फेरीला पाचवा हिस्सा पुरतो. रेंजचं टेन्शन इथेच संपलं.

आता गंमत बघा. पेट्रोल गाडीचं मायलेज ट्रॅफिकमध्ये पडतं, कारण गाडी उभी असली तरी इंजिन पेट्रोल पितच असतं. इलेक्ट्रिक गाडी भूमकर चौकात अर्धा तास अडकली तर मोटर काहीच खात नाही. खातो तो एसी, तासाला एखादं युनिट. शिवाय ब्रेक लावताना मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि थोडी वीज परत बॅटरीत टाकते. नुकसान होतं ते हायवेला. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे एक्स्प्रेसवेवर शंभरने गेलात की रेंज भराभर उतरते. थोडक्यात, जो रस्ता आपल्याला रडवतो, तोच या गाडीला मानवतो.

मग पहिला प्रश्न कोणता? रात्री गाडी जिथे उभी राहते, तिथे भिंतीवर तुमच्या मीटरचा पॉइंट आहे का?

फार मोठं काही लागत नाही हो. गीझरला असतो तसा १५ अँपिअरचा पॉइंट तासाला साधारण ३ युनिट देतो. माझ्या ४० किलोमीटरला, चार्जिंगमधली गळती धरून, सहा-साडेसहा युनिट लागतात. म्हणजे दोन तास. तेवढं झोपेत होऊन जातं.

पण मी भाड्याने राहतो, आणि आमच्या पार्किंगमध्ये पॉइंटच नव्हता. सेक्रेटरी काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे, तुझी गाडी पेटली तर वरच्या सहा मजल्यांनी कुठे जायचं?" २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. मी काय केलं? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचना प्रिंट करून मीटिंगला नेल्या. घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, असं त्यात स्पष्ट आहे. आणि तिथेच माझं चुकलं. कागद बघून काका आणखी ताठ झाले.

पुढचा दीड महिना बाहेरच्या फास्ट चार्जरवर काढला. ऑफिस सुटल्यावर रांग, कधी मशीन बंद, दर घरच्यापेक्षा बराच जास्त. एका रात्री ९ टक्क्यांवर तिसरं चार्जर शोधत फिरताना वाटलं, विकून टाकावी. हप्ते तर पाच वर्षांचे.

शेवटी बाबा पुण्याला आले. म्हणाले, "काकांची भीती खोटी नाहीये. तू त्यांना कायदा दाखवतोस, वायर दाखव." आणि मुद्दा खराच होता. पार्किंगमधल्या दिव्यांची वायर बारीक असते. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी तासन्‌तास तोच लोड ओढते. बारीक वायर तेवढ्यात तापते, आणि तापलेला जोड हाच खरा धोका. मग परवानाधारक इलेक्ट्रिशियनला घेऊन काकांबरोबरच पार्किंगमध्ये उभा राहिलो. ठरलं ते असं: माझ्या मीटरपासून थेट वेगळी, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिला स्वतंत्र एमसीबी, गळती झाली तर वीज तोडणारा आरसीसीबी, आणि अर्थिंग तपासून घ्यायचं. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. खर्च माझा. आठवड्यात परवानगी मिळाली.

आता पैशांचं बोलू. महिन्याला साधारण १,००० किलोमीटर होतात, म्हणजे दीडशेच्या वर युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत त्याहून जास्त, आणि पुढे आणखी जास्त. आमचं घर आधी ११० च्या आसपास खायचं, आता २६५. टप्पा तोच राहिला. मे महिन्यात घरातला एसी लागला की मात्र ३०० ओलांडतो. एरवी बिलात वाढ दोन हजारांच्या आत. आधीच्या पेट्रोल गाडीला याच अंतराला सात हजारांच्या वर लागायचे. तुमचं गणित मांडताना गाडीची युनिट घरच्या युनिटांच्या वर ठेवा, वेगळी धरू नका.

एक छोटी गोष्ट. माझी बॅटरी एलएफपी प्रकारची आहे. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे चार्ज किती उरलाय याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. म्हणून अधूनमधून १०० टक्के भरायची, म्हणजे हिशोब जुळतो. एनएमसी बॅटरी असेल तर रोज ८० च्या आसपास थांबलेलं बरं. तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा.

आता माझ्यासमोरचा प्रश्न सांगतो. मार्चमध्ये भाडेकरार संपतोय. घरमालक फ्लॅट विकणार आहेत. मी वायरिंगला घातलेले पैसे त्या भिंतीतच राहणार. नवीन घर बघताना आता पाणी किती तास येतं हे विचारतो आणि लगेच पार्किंगमध्ये जाऊन मीटरची खोली किती लांब आहे ते पावलांनी मोजतो. दोन चांगली घरं त्यापायी सोडली.

गाडी उत्तम आहे, परत घेईन. पण स्वतःचं पार्किंग आणि पॉइंटची लेखी परवानगी हातात नसेल, तर बुकिंगची रक्कम थोडी थांबवा. आधी काकांना पार्किंगमध्ये चहाला बोलवा.

चला, भेटू पुढच्या भागात!