देव्हाऱ्यातले पदक

पणजोबांना लढाईत शौर्यपदक मिळाले, असे अज्जी सांगायची. ते चांदीचे पदक सुरतेला आत्याच्या देव्हाऱ्यात होते. दिवाळीच्या सुट्टीत भिंग घेऊन गेलो. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार, १९१४ आणि १९१८. हे तर पहिल्या महायुद्धातल्या लाखो सैनिकांना मिळालेले सेवापदक! आत्याचा चेहरा उतरला.

पण कडेवर नंबर, नाव आणि ११० वी मराठा पलटण कोरलेली. ही पलटण इराकमध्ये कुतच्या वेढ्यात जवळजवळ पाच महिने उपासमारीत अडकली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती, मग कैद. पणजोबा तिथे होते का, हे पदक सांगत नाही.

"अज्जा भाकरीचा तुकडा कधी टाकू देत नव्हता रे," आत्या हळूच म्हणाली. पदक पुन्हा देव्हाऱ्यात गेले.