अरण्याचा जमाखर्च

जोयड्याचे अरण्य राखावयाचे तर पैसा हवा. तो येतो कोठून? २००७ साली अणशी व दांडेली मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. २०१५ साली त्यास काळी नदीचे नाव लाभले. त्याच्या नित्य खर्चाचा भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. अन्य खर्चात केंद्राचा वाटा शेकडा ६०. स्वेच्छेने गाव सोडणाऱ्या कुटुंबास २००८ पासून १० लाख, तर २०२१ पासून १५ लाख रुपयांची तरतूद आहे. परंतु कुणब्याच्या परसातले कंद, त्याची देवराई आणि पिढ्यांचा शेजार कोणत्या खात्यावर मांडावयाचा? अनुदान देणाऱ्याने झाडांबरोबर माणसेही मोजावीत. कारण हे रान त्यांनीही राखले आहे.