लाडक्या बहिणीचा हप्ता: कुठून येतो, कुठे अडतो

आजचा विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच निवडलाय. गेल्या काही महिन्यांत ज्या गटाच्या बैठकीला जावं, तिथे वर्गणी जमा व्हायच्या आधीच प्रश्न सुरू होतात. "ताई, माझा हप्ता का थांबला?" "ताई, केवायसीला नवऱ्याचं आधार कशाला लागतं?" "ताई, पंधराशेचे एकवीसशे कधी होणार?"

तीन प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण तिन्हींची उत्तरं बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी सापडतात. ती जागा म्हणजे राज्याचा अर्थसंकल्प. नाव ऐकून घाबरू नका. ज्या बाईला गटाची रोकडवही कळते, तिला अर्थसंकल्प कळतो. तिथे फक्त शून्यं जास्त असतात.

आधी आपल्या गटाचं उदाहरण घेऊ

समजा दहा जणींचा गट आहे. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा प्रत्येकीला पाच हजार मिळणार." टाळ्या पडल्या. दहा जणींचे झाले पन्नास हजार. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर आत छत्तीस हजार. आता काय होईल?

तीन वाटा उरतात. पहिली, काही जणींना सांगायचं की तुमचे कागद पूर्ण नाहीत. दुसरी, आजारपणासाठी बाजूला ठेवलेल्या निधीला हात घालायचा. तिसरी, बँकेतून कर्ज काढायचं. शब्द दिला तेव्हा पेटी मोजली नव्हती, म्हणून ही वेळ आली. आता हेच राज्याच्या हिशेबात बघू.

राज्याच्या वहीतले आकडे

२८ जून २०२४ ला अर्थमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली. शासन निर्णयही त्याच दिवशी निघाला. वर्षाचा खर्च अंदाजे ४६ हजार कोटी रुपये सांगितला गेला. अर्जाला सुरुवातीला १ ते १५ जुलै एवढीच मुदत होती. उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यासाठी तलाठी कार्यालयात, सेतू केंद्रात कशी झुंबड उडाली, ते तुम्हाला सांगायला नको. मग थोड्याच दिवसांत नियम बदलले. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, वयाची अट ६० वरून ६५ झाली, पाच एकर शेतीची अट निघाली, अधिवासाच्या दाखल्याऐवजी जुनं रेशनकार्ड चालू लागलं. राखीपौर्णिमेच्या आधी पहिले तीन हजार खात्यात आले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. तिच्या आधी पाच महिन्यांचे साडेसात हजार देऊन झाले होते. प्रचारात २१०० रुपयांचं वचनही दिलं गेलं.

पुढे १० मार्च २०२५ ला नवा अर्थसंकल्प आला. त्यात या योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपये ठेवले होते. आता वही-पेन घ्या.

एका बाईला महिन्याला १५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८ हजार. छत्तीस हजार कोटींना अठरा हजारांनी भागा. उत्तर येतं दोन कोटी. म्हणजे २०२५-२६ च्या पेटीत वर्षभर पुरतील असे पैसे दोन कोटी बायकांचेच होते. प्रत्यक्षात लाभ घेणाऱ्या होत्या अडीच कोटींच्या आसपास. त्यांना लागतात साधारण ४५ हजार कोटी. नमो शेतकरी योजनेच्या पावणेआठ लाखांच्या आसपास बहिणींना इथून फक्त ५०० रुपये मिळतात, तेवढा खर्च कमी होतो. पण तो फरक वर्षाला हजार कोटींच्या आतच आहे.

आता एकवीसशेचा हिशेब करा. वर्षाला होतात २५ हजार २०० रुपये. छत्तीस हजार कोटींत तेवढे पैसे दीड कोटी बायकांनाही पुरत नाहीत. म्हणजे "एकवीसशे कधी?" याचं त्या वर्षापुरतं उत्तर १० मार्चलाच छापून आलं होतं. आपण मात्र ते भाषणांत शोधत राहिलो.

सरकार म्हणेल, कमी पडलं तर पुरवणी मागण्यांतून वाढवता येतं. ते खरं आहे, कायद्यात तशी सोय आहे. पण घर चालवणारी बाई जाणते की वर्षाच्या सुरुवातीलाच कमी धान्य भरलं, तर पुढे कुणाच्या तरी ताटात कमी वाढावं लागतं.

पहिली वाट: चाळणी

जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचं आढळलं आहे आणि जूनपासून त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे. काही जणी एकापेक्षा जास्त योजनांचा लाभ घेत होत्या, काही घरांत दोनपेक्षा जास्त लाभार्थी होत्या, काही ठिकाणी तर पुरुषांनी अर्ज केले होते. जूनचा हप्ता सव्वादोन कोटींच्या आसपास बहिणींना गेला.

तपासणीला माझा विरोध नाही. अडीच लाखांच्या वर उत्पन्न असलेल्या, दारात चारचाकी असलेल्या किंवा घरात कायम सरकारी नोकरी असलेल्या घरांनी हा पैसा घ्यायला नकोच. पण ही चाळणी अर्ज भरतानाच लावायला हवी होती. तेव्हा घाई सरकारला होती, हमीपत्रावर सही घेऊन मंजुरी मिळत होती. आता मात्र कागद गोळा करायची घाई बायकांच्या माथी आहे. आणि जिचा हप्ता थांबला, तिला कारण कुणी कागदावर दिलं का? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक जणींना खात्यात पैसे आले नाहीत तेव्हाच कळलं.

मग १८ सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसीचा आदेश निघाला. मुदत दोन महिने होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. यापुढे दरवर्षी जूनपासून दोन महिन्यांत ती करावी लागेल, असंही त्यात आहे. बाईचं स्वतःचं आधार, आणि सोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जाणार.

घराचं उत्पन्न तपासायला हे हवं, असं सरकारचं म्हणणं आहे. पण पलीकडची बाजूही बघा. या योजनेच्या शासन निर्णयात विवाहित बाईबरोबर विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार या सगळ्या पात्र आहेत. मग पोर्टलवर जो नवरा नाही त्याचा ओटीपी कुठून आणायचा? ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये विधवा आणि घटस्फोटित बहिणींना वाट काढून दिली. त्यांनी स्वतःची केवायसी करायची आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. पण टाकून दिलेल्या बाईचं काय? तिच्याजवळ ना दाखला, ना कोर्टाचा कागद. जिला नवऱ्याने घराबाहेर काढलं, तिने पंधराशे रुपयांसाठी त्यालाच फोन करायचा? बाईच्या हातात स्वतःचा पैसा यावा म्हणून आणलेल्या योजनेची किल्लीच पुरुषाच्या मोबाईलमध्ये ठेवली आहे. सरकारने बाईच्या घरात इतकं आत यायची गरज नव्हती.

रेंजचाही प्रश्न आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या ज्या पाड्यांवर रेंज नाही, तिथे ओटीपी येईपर्यंत त्याची वेळ संपते. अर्जातलं एक वाक्य तर नीट वाचाच. "कुटुंबातील सदस्य सरकारी विभागात कायम कर्मचारी म्हणून कार्यरत नाहीत" अशा अर्थाचं ते आहे. कुणी सरकारी नोकरीत नसेल तर उत्तर "होय" द्यायचं. घाईत "नाही" दाबलं, तर घरात सरकारी नोकर आहे असा अर्थ निघतो. सरळ "घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का?" असं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुसरी वाट: दुसऱ्याची पेटी

मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये महिला व बालविकास विभागाकडे वळवण्यात आले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. ते सरकारमधलेच मंत्री आहेत, हे लक्षात घ्या. अनुसूचित जाती-जमातींच्या बहिणीही लाभार्थी आहेत आणि तो पैसा त्यांच्यासाठीच आहे, असं सरकारचं उत्तर होतं.

हे उत्तर मला पटत नाही. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशिकलाच आहे. त्या विभागाचा पैसा आश्रमशाळा, वसतिगृहं, शिष्यवृत्ती यांसाठी असतो. कळवणच्या आदिवासी बाईला पंधराशे मिळतात ते तिच्या शेजारणीसारखीच ती पात्र आहे म्हणून. मग शेजारणीचा हप्ता सर्वसाधारण पेटीतून आणि हिचा हिच्याच मुलीच्या वसतिगृहाच्या पेटीतून, हा कुठला न्याय? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने अनुसूचित जाती-जमातींच्या निधीसाठी २०१३ मध्येच कायदे केले. महाराष्ट्रात तसा कायदा अजून नाही.

आनंदाचा शिधाही आठवा. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल मिळायचं. २०२५ च्या गणपतीला तो आला नाही. अन्न व नागरी पुरवठा मंत्री आणि आपल्या येवल्याचे आमदार छगन भुजबळ यांनी निधीची अडचण बोलून दाखवली. एका हाताने आलं, दुसऱ्या हाताने गेलं.

तिसरी वाट: कर्ज

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी रुपये होती. महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चालाही कमाई पुरत नाही. डोक्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींपर्यंत जाईल असा अंदाज होता. हे सगळं लाडक्या बहिणीमुळे झालं, असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. तो अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता, त्यात बहिणींचा वाटा शंभरातले पाच रुपये. बाकीचे पंचाण्णव कुठे जातात, हेही विचारायला हवं. पण शेळी घ्यायला काढलेलं कर्ज आणि खायला काढलेलं कर्ज यातला फरक आपल्या गटात सगळ्यांना कळतो. खायला काढलेलं कर्ज फेडायला शेवटी घरातलंच काही विकावं लागतं.

मग योजना नको का?

हवी. औषधाला, मुलांच्या वह्यांना, गटाच्या हप्त्याला न मागता हाताशी असलेले पैसे काय असतात, ते आपल्याला माहीत आहे. म्हणूनच तिचा हिशेब पक्का हवा. दिलेला शब्द पेटी मोजून दिलेला हवा, आणि पात्र बाईला दर वर्षी पुन्हा रांगेत उभं करणारा नसावा.

आपण काय करायचं

एक. हप्ता थांबला असेल तर नुसती विचारणा करून परतू नका. अंगणवाडी ताईला दोष देऊ नका, तिच्या हातात निर्णय नाही. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कारण मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील बाईला तेही नाही, उत्तराची मुदत तीस दिवस. १८१ या हेल्पलाइनवरही तक्रार करता येते.

दोन. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हावी लागते, तसा कायदाच आहे. ती फक्त सह्यांपुरती होऊ देऊ नका. त्यात ठराव मांडा: परित्यक्ता बाईसाठी ग्रामसभेचा किंवा सरपंचांचा दाखला ग्राह्य धरावा, रेंज नसलेल्या पाड्यांवर केवायसीचं शिबिर लावावं, लाभ थांबवण्याआधी लेखी कारण द्यावं. ठराव प्रोसिडिंगला लिहिला गेला का, ते वाचून बघा, आणि त्याची नक्कल तालुक्याला पाठवा.

तीन. मार्चमध्ये पुढचा अर्थसंकल्प येईल. त्या दिवशी भाषण ऐका, पण आकडा लिहून घ्या आणि तीन प्रश्न विचारा. पैसे किती ठेवले? किती जणींना पुरतात? कुणाच्या पेटीतून आणले? योजनेचा आकडा भागिले अठरा हजार, एवढं गणित गटातली कुणीही लेक मोबाईलवर करून देईल.

पुढच्या मासिक बैठकीत वर्गणी झाल्यावर दहा मिनिटं काढा. आपल्या गटात कितीजणींचा हप्ता चालू आहे, कितीजणींचा थांबलाय आणि कुणाला कारण कळलंय, याची यादी करा. ती ग्रामसंघाकडे द्या. सगळ्या गटांच्या याद्या एकत्र झाल्या की आपल्यालाही सरकारपुढे एक आकडा ठेवता येईल.