गव्याच्या रानात बत्तीस बोर

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेल्या जनावरांसमोर उभं राहिलं, की मी आधी हत्यार शोधतो. हे कशानं पाडलं असेल? उत्तरात रिव्हॉल्व्हर जवळजवळ नाहीच. संस्थानी शिकार भाल्याची, रायफलीची आणि चित्त्याची. काळविटावर सोडायला कोल्हापूरनं आफ्रिकेतूनही चित्ते आणवले. डोळे बांधलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, कळप टप्प्यात आला की पट्टी काढायची, हे चित्तेवानांचं कसब. रिव्हॉल्व्हर कमरेला असलंच तर शेवटच्या घडीसाठी. जखमी जनावर अंगावर आलंय आणि रायफल भरायला सवड नाही, अशा वेळेसाठी.

त्या घडीला बोर, म्हणजे नळीचा व्यास, केवढा हवा, हा खरा प्रश्न. ब्रिटिश फौजेनं १९१५ साली घेतलेलं वेब्ली .४५५ बोरचं होतं. गोळी सतरा ग्रॅमची, पण वेग सेकंदाला जेमतेम १८० मीटर. जड आणि संथ. अमेरिकेत १९३५ साली .३५७ मॅग्नम आलं, १९५५ साली .४४ मॅग्नम. या दुसऱ्याची ताकद हजार ज्यूलच्या आसपास. तिकडं अस्वलाच्या रानात हिंडणारे ते कमरेला लावतात, हरणाची शिकारही त्यानं करतात.

आपल्याकडं परवान्यावर प्रामुख्यानं मिळत आलं ते कानपूरचं .३२. गोळी सहा ग्रॅमची, ताकद .४४ मॅग्नमच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. २०१४ साली बायकांच्या पर्सला पेलावं म्हणून हलकं ‘निर्भीक’ निघालं, बोर तोच. आता हे हत्यार दाजीपूरच्या रानातल्या गव्यासमोर धरून बघा. पुरता वाढलेला नर टनाच्या घरात जातो. त्याच्या खांद्यात ही गोळी थांबवण्याइतकी खोल जाईल, याचा भरवसा कुणी देऊ नये. गवा जखमी होईल, चवताळेल आणि पुढं भेटणाऱ्या पहिल्या माणसावर जाईल. बहुधा तो जळणाची मोळी घेऊन निघालेला गावकरी असेल. रानात जाणाऱ्याला रिव्हॉल्व्हरनं धीर येतो म्हणतात. मला त्या धीराचीच भीती वाटते.

कायद्यानंही वाट अरुंद करत नेली. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ चं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवान्यावर शिकारीला थोडी जागा होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं जवळजवळ संपली. अभयारण्यात हत्यार न्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपल्या नावाची वेगळी नोंद करावी लागते. जिवावर बेतलं म्हणून जनावर मारलं तर तो गुन्हा नाही. मात्र आपण त्या वेळी कायदा मोडत नसलो पाहिजे, आणि मेलेलं जनावर सरकारचं.

राधानगरी, आजरा, चंदगडच्या शेतकऱ्याचं दुखणं यात सुटत नाही. उसात गवा शिरतो, भातात डुक्कर. पूर्वी ठासणीच्या बंदुकीचा नुसता बार काढला तरी कळप पांगायचा. आज डबे, फटाके, बॅटरी आणि जागरण. त्याला नुकसानभरपाई वेळेत मिळाली, तर बंदुकीची आठवण निघणार नाही.

कोल्हापूरच्या हातातलं हत्यार मात्र सुटलं नाही, त्याचा बोर लहान होत गेला. दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर .२२ चे बार वाजू लागले. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ४५१.४ गुणांवर ऑलिंपिकचं कांस्य आणलं. दाजीपूर त्याच तालुक्यात. स्वप्निलच्या रायफलीतली गोळी अडीच ग्रॅमच्या आसपासची, आणि समोर पन्नास मीटरवर नुसतं निशाण.