चंद्राचा फोटो : शटर किती वेळ उघडे ठेवाल?



फिल्मचा जुना कॅमेरा आजही काही घरांत कपाटात पडून असतो. मुलांच्या हाती छोटी दुर्बीण आली की चंद्राचा फोटो घ्यावा असे त्यांना वाटते. पण रोल महाग, त्यात फोटो 36च, आणि चूक कळते ती रोल धुऊन आल्यावर. म्हणून हिशेब आधी मांडावा.

नाभीय अंतराला भिंगाच्या व्यासाने भागले की दुर्बिणीचा एफ-अंक मिळतो. 60 मिलिमीटर व्यास व 900 मिलिमीटर नाभीय अंतर असेल तर एफ-अंक 15. फिल्मचा वेग डबीवर छापलेला असतो. आपण 200 धरू. कॅमेऱ्याची लेन्स व दुर्बिणीची नेत्रिका काढून जोडकड्याने कॅमेरा दुर्बिणीला बसवावा.

आता वेळ पाहा. पौर्णिमेला 1/125 सेकंद, अष्टमीला 1/30, तृतीयेच्या कोरीला 1/8. फिल्म 100 वेगाची असेल तर वेळ दुप्पट, 400 ची असेल तर निम्मा.

अष्टमीला चौपट वेळ का? त्या दिवशी चंद्रावर ऊन तिरपे पडते. सकाळी नांगरटीत ढेकळांच्या सावल्या लांब पडतात, तशा तिथे डोंगरांच्या पडतात, आणि उजेड कमी होतो. खड्डे-डोंगर मात्र त्याच दिवशी उठून दिसतात. चंद्र क्षितिजाजवळ असेल तर धुळीमुळे वेळ आणखी वाढवावा.

पृथ्वी फिरते, त्यामुळे चंद्र सरकतो. दुर्बिणीला फिरवणारे यंत्र नसेल तर अर्ध्या सेकंदापलीकडे जाऊ नये, फोटो पुसट येतो. हाताचा धक्का टाळण्यासाठी सेल्फ-टायमर लावावा.

प्रत्येक वेळी तीन फोटो घ्यावेत : हिशेबाचा, त्याच्या निम्म्या वेळाचा आणि दुप्पट वेळाचा. वहीत फोटोचा क्रमांक, तिथी व वेळ लिहावी. खताची शिफारस ही सुरुवात असते, पुढे आपल्या जमिनीचा अनुभव खरा. इथेही तसेच आहे. रोलवरचा पहिला फोटो दिवसा घराचा घ्यावा, म्हणजे काळ्या फिल्मवर फोटो कुठून सुरू होतात ते धुणाऱ्याला कळते.

एक ताकीद : दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नका. डोळा कायमचा जातो.

31 डिसेंबर 2028 च्या रात्री आपल्याकडून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. रात्री दहाला चंद्र पूर्ण ग्रासलेला असेल. तेव्हा उजेड हजारो पटींनी घटतो आणि वरचा हिशेब चालत नाही. कॅमेरा दुर्बिणीवरून काढून तिपाईवर ठेवावा. 135 मिलिमीटरची लेन्स, एफ-अंक 2.8 आणि 400 वेगाची फिल्म असेल तर 2, 4 व 8 सेकंदांचे फोटो घ्यावेत.

ती रात्र एकदाच येणार. हात बसवायला मात्र दर महिन्याला पौर्णिमा आहेच. येत्या पौर्णिमेपासून वही सुरू करा.