वावरच्या उतारावरचा बिनपगारी नांगर

जव्हार तालुक्यातील वावर गाव आणि शेजारचा मोखाडा हा डोंगरउताराचा, नागली-वरईचा मुलूख. पाऊस चार महिन्यांत धो धो कोसळतो, पण मातीचा थर पातळ. म्हणून इथे खरा प्रश्न पाणी पडण्याचा नाही, जिरण्याचा आहे, आणि तिथेच गांडूळ कामाला येते. त्याच्या बिळांतून पाणी व हवा खाली उतरते, मुळांना वाट मिळते. कुजका पाला आणि माती खाऊन ते जी विष्ठा टाकते, तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश पिकाला सहज घेता येईल अशा रूपात असतात. डार्विनने 1881 मध्ये हिशेब मांडला होता की इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी एका एकरात वर्षाला 10 टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते.

कोणी म्हणेल, गांडूळ चांगल्या मातीत येते, ते माती चांगली करत नाही. खरे तर दोन्ही घडते: पाला मिळाला की गांडूळ वाढते आणि गांडूळ वाढले की माती सुधारते. दुसरा आक्षेप राबाचा, म्हणजे रोपवाटिकेच्या जागी पालापाचोळा पसरून जाळण्याचा. राब भाजल्याने रोपवाटिकेत तण कमी होते, हे मान्य; पण भाजणी तेवढ्याच तुकड्यापुरती ठेवावी. गांडूळखताची विकतची जात उकिरड्यात रमते, शेतातल्या खोल मातीत नाही. म्हणून शेतात गांडुळे सोडण्यापेक्षा बांधावरचा पाला न जाळता वावरातच कुजू द्या. इथली गांडुळे आपोआप वाढतील.